वाचकासाठी राखलेली जागा

(शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी मला आवडत्या पुस्तकांवर बोलायला सांगितलं होतं. न आवडलेल्या पुस्तकांवरही बोलू द्या, अशी मी विनंती केली आणि त्यांनी ती मानली, याबद्दल त्यांची आभारी आहे. आपल्याकडे व्यासपीठावर सगळीच पुस्तकं थोर असतात. ग्रंथालयाच्या काउंटरवर पुस्तक परत करताना मात्र माणसं मनातलं बोलतात. शंभर पानांनंतर सोडलं, शेवट उगाच ताणलाय, आईला वाचून दाखवलं तर ती दोन दिवस गप्पच होती. हे काउंटरवरचं बोलणं मला मोलाचं वाटतं, आणि आज इथे मी तेच करणार आहे.

पुस्तकाकडून माझी एक अपेक्षा असते. लेखकाने जे पाहिलं ते मला नीट दाखवावं, पण त्यावर मला काय वाटावं हे माझ्यावर सोडावं. मी कुठे रडायचं, कुठे भारावून जायचं, कोणाची कीव करायची हे सगळं त्याने आधीच ठरवून ठेवलं असेल तर त्या पुस्तकात मला उभं राहायलाही जागा उरत नाही. मग ते कितीही गाजलेलं असो, माझा त्याच्याशी संबंध जुळत नाही.

'मृत्युंजय'पासून सुरुवात करते, कारण ही कादंबरी न वाचलेलं मराठी घर सापडणं कठीण. १९६७ साली ती आली तेव्हा शिवाजी सावंत सत्तावीस वर्षांचे होते, कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. त्या वयात एवढा पसारा उभा करणं ही साधी गोष्ट नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्ण, अशा सहा जणांच्या तोंडून कथा सांगायची ही कल्पनाही मोठी आहे. एकच घटना सहा मनांतून दिसणार म्हणजे सहा वेगवेगळी सत्यं हाती लागणार, या आशेने आपण पान उलटतो. माझी तक्रार इथेच आहे. हे सहाही जण एकाच आवाजात बोलतात. सारथ्याच्या घरात वाढलेला शोण आणि हस्तिनापूरचा युवराज दुर्योधन यांच्या वाक्यांना सारखीच झूल घातलेली आहे. सूर्य, तेज, कवचकुंडलं यांच्या उपमा इतक्या दाट येतात की माणूस दिसेनासा होतो. आणि सगळ्यांना मिळून एकच काम दिलेलं आहे, कर्णाची बाजू मांडायचं. दुर्योधनाने तरी कर्णाकडे मतलबाच्या नजरेने पाहावं, कुंतीने तरी स्वतःच्या भीतीचा हिशेब मांडावा, असं मला वाचताना सारखं वाटत राहिलं. कर्णाच्या प्रत्येक चुकीमागे लेखक आधीच एक जखम ठेवून देतो. त्यामुळे त्याला दोष द्यायची वेळ वाचकावर येतच नाही, आणि दोष देता येत नाही म्हणून क्षमाही करता येत नाही.

योगायोग असा की त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचं 'युगांत' प्रसिद्ध झालं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम त्याच सुमाराला पुरं झालं होतं. देशभरातल्या हस्तलिखितांची पानापानाने तुलना करून मागाहून घातलेले श्लोक त्या आवृत्तीत वेगळे काढले गेले. इरावतीबाईंनी त्या आवृत्तीच्या आधारावर लिहिलं. स्वयंवरात द्रौपदी सूतपुत्राला वरणार नाही म्हणून कर्णाला नाकारते, हा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या मनात पक्का बसलेला आहे. चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत तो नाही. उलट द्रौपदीची वस्त्रं काढून घ्या असं भर सभेत सांगणारा कर्ण तिथे आहे, आणि घोषयात्रेत गंधर्वांशी गाठ पडल्यावर दुर्योधनाला मागे सोडून रणातून निघून जाणारा कर्णही आहे. इरावतीबाई हे लपवत नाहीत आणि त्याचा गाजावाजाही करत नाहीत. जन्माच्या प्रश्नाने पोखरलेला, मोठा होऊ शकला असता असा, आणि काही क्षणी क्षुद्र वागलेला माणूस त्या आपल्यापुढे उभा करतात.

'युगांत' वाचल्यावर मला कर्णाबद्दल जास्त वाईट वाटलं, हे मुद्दाम सांगते. वकिलाशिवाय उभ्या असलेल्या माणसाकडे आपण अधिक लक्ष देऊन पाहतो. खांडववन जाळण्याच्या प्रसंगावर इरावतीबाईंनी जे लिहिलं आहे ते तर प्रत्येकाने वाचावं. कृष्ण आणि अर्जुन यांनी तिथे जिवंत प्राण्यांची आणि माणसांची होळी केली, असं स्वच्छ म्हणण्याचं धैर्य त्यांच्यात होतं, आणि तरीही कृष्णाविषयीची ओढ त्यांनी सोडली नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्या हातात दिल्या. त्यांचा मेळ घालायचं काम आपलं.

साहित्याच्या इतिहासात ज्याचं नाव मागच्या रांगेत येतं, पण माझ्या कपाटात पहिल्या रांगेत आहे, असं एक पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली काकांबरोबर निघाला. महूजवळ पोहोचतो तो बंडाची बातमी. पुढे झाशीला जाऊन तो राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिला आणि १८५८ साली इंग्रज सेनापती ह्यू रोजने घातलेल्या वेढ्यात सापडला. किल्ल्यावरचं आणि शहरातलं जगणं त्याने डोळ्यांनी पाहिलं: तोफगोळ्यांनी लागलेल्या आगी, पाण्याचे हाल, शहर पडल्यावर घराघरांत शिरून केलेली कत्तल, माणसांनी तळघरांत दाबून धरलेला श्वास, आणि मग गल्लीतच पेटवलेल्या चिता. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली तीही त्याने नोंदवून ठेवली.

हे सगळं तो कसं सांगतो? जसं झालं तसं. तो घाबरतो, भुकेने कळवळतो, मिळालेले रुपये मोजतो, ते लुटले गेले की हळहळतो. शौर्याचा आव त्याच्या वाक्यात कुठेच नाही. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला राणी भेटते ती पराभूत, धुळीने भरलेली, तहानलेली. हा पाणी शेंदायला पुढे होतो, ती त्याला थांबवते आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने पिते. राणीवर आपल्याकडे केवढे पोवाडे रचले गेले, शाळाशाळांत किती नाटुकली बसवली गेली! त्या सगळ्यांत मिळून मला जी राणी दिसली नाही ती या विहिरीच्या काठावर दिसली. गोडसे भटजी तिची स्तुती करायला थांबत नाहीत, म्हणूनच ती दिसते. आणि हा माणूस घरी परततो तो गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन, आईवडिलांना स्नान घालण्यासाठी. कर्ज फेडायला निघाला होता, पैसा लुटला गेला, पाणी पोहोचलं. तो यावर भाष्य करत नाही.

त्याचे समज त्याच्या काळाचे आणि त्याच्या जातीचे आहेत, ते आजच्या वाचकाला खुपतील. खुपू द्यावेत. एक मात्र सांगते: हे पुस्तक घेताना आवृत्ती पाहून घ्या. चिंतामण विनायक वैद्य यांनी भटजींना लिहायला लावलं, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण १९०७ साली छापताना त्यांनी भाषेवर आणि मजकुरावर हात फिरवला. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती यायला १९६६ साल उजाडलं. पोतदारांच्या आवृत्तीत भटजींचा स्वतःचा श्वास ऐकू येतो. आपल्या ग्रंथालयात ती नसेल तर मागणी नोंदवा.

आता एका अशा पुस्तकाविषयी, ज्याच्याबद्दल कडक बोलणं आजकाल फार सोपं झालं आहे. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं. रडवणारं, भाबडं पुस्तक असं त्याला नाव पडलं आहे. ते रडवतं, हे खरं. उपदेशाचे परिच्छेद मलाही जड जातात. गोष्ट पुरी झाल्यावर गुरुजी तिचं सार काढून देतात, तेव्हा गोष्टीचं बळ कमी होतं असं मला वाटतं. पण या पुस्तकाचा कणा आईच्या मायेचा नसून कर्जाचा आहे, हे फार थोडे लोक बोलतात. एक खातंपितं घर भाऊबंदकीने आणि सावकारीने पायरीपायरीने कसं खाली येतं, याची ही नोंद आहे. दारात आलेला वसुलीचा माणूस घरच्या बाईला काय काय बोलतो, कोणता दागिना कधी जातो, शेत कधी जातं, आजारात औषधाचं काय होतं, हे सगळं त्यात आहे. कोकणातल्या कर्जबाजारी घराचं इतकं तपशीलवार चित्र त्या काळात दुसऱ्या कोणी काढल्याचं मला आठवत नाही. ही आई हळवीही नाही. पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला ती शोधून काढते आणि मारत बाहेर घालवते.

त्यातला एक प्रसंग मी मुलांना सांगताना कधी गाळत नाही. मोळी खाली पडलेल्या महार म्हातारीला कोणी हात लावत नाही, तेव्हा आई श्यामला सांगते की जा, मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. मोळी उचलणं आणि आंघोळ करणं, दोन्ही एकाच तोंडून आलेलं. त्या काळातल्या एका चांगल्या बाईची नजर कुठवर पोहोचत होती आणि कुठे अडत होती, ते दोन्ही इथे उघडं आहे. बारा वर्षांच्या मुलीने मला विचारलं होतं, "मग आंघोळ का करायची?" हा प्रश्न विचारायला लावणारं पुस्तक भाबडं कसं म्हणायचं?

मुलांचा विषय निघाला आहे तर 'एक होता कार्व्हर'. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि त्याने हजारो मुलांना वाचायला लावलं, याचं श्रेय त्यांना मनापासून द्यायला हवं. भुईमुगाच्या शेंगेत आणि वाया जाणाऱ्या मातीत एवढं मोठं आयुष्य सामावलं होतं, हे त्यांनी मराठी मुलांना दाखवलं. तरीही मला ते पुस्तक अपुरं वाटतं. कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर गुलामीत जन्मले, आणि टस्कीगीच्या संस्थेत ते काम करत होते तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ होता. हा सगळा छळ पुस्तकात कार्व्हरांच्या संतपणाची पार्श्वभूमी होऊन जातो. त्यांना कधी राग आला असेल का, हा प्रश्न मनात यायला जागाच ठेवलेली नाही. मुलांना राग समजतो. त्यांना इतका निर्मळ नायक द्यायची गरज नसते.

त्याच अमेरिकेतलं दुसरं पुस्तक राम पटवर्धनांनी मराठीत आणलं, 'पाडस'. फ्लॉरिडाच्या रानातलं गरीब बॅक्स्टर कुटुंब, एकुलता एक मुलगा ज्योडी आणि त्याने पाळलेलं हरणाचं पिलू. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची, १९३८ सालची. शेवटी त्या मुलाला जे करावं लागतं ते वाचताना हात थरथरतो, पण लेखिका क्षणभरही त्याला कुरवाळत नाही आणि अनुवादकही तिच्या मध्ये येत नाही. रान, पाऊस, अस्वल, भूक यांसाठी पटवर्धनांनी जी मराठी वापरली आहे ती अनुवादाची वाटतच नाही. कार्व्हर वाचून झालेल्या मुलाच्या हाती पुढचं पुस्तक म्हणून हेच द्यावं.

'कोसला'बद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. १९६३ साली मराठी कादंबरीची बोलण्याची पद्धतच भालचंद्र नेमाड्यांनी बदलली. होस्टेल, मेस, गॅदरिंग यांची पानं मला आज लांबलेली वाटतात. त्या भागातला नकार पुढे इतक्या जणांनी उसना घेतला की मूळ वाचतानाही तो उसना भासू लागतो, यात नेमाड्यांचा दोष नाही. पण नायकाची धाकटी बहीण मनी गेल्यानंतरची पानं, आणि अजिंठ्याची, ही मराठी गद्यातली फार मोठी पानं आहेत. थट्टेच्या आड लपलेल्या मुलाची थट्टा तिथे संपते, आणि काय झालं ते लेखक समजावून सांगत नाही.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' त्याहून चोवीस वर्षांनी जुनं, १९३९ सालचं. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू प्रवासी, हॅर्टा ही ज्यू मुलगी आणि चक्रधर हा मराठी तरुण. महायुद्धाला तोंड फुटत होतं त्याच वर्षी मराठीत हे लिहिलं गेलं, याचा मला अभिमान वाटतो. लहानसं पुस्तक आहे, दोन संध्याकाळींत होतं. चक्रधर भित्रा आहे की प्रामाणिक, यावर आमच्या वाचनगटात अजूनही एकमत नाही.

आता जे पुस्तक कोणी साहित्यात धरत नाही ते घेते: कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा', १९७० सालचं. मी ते गद्य म्हणून वाचते आणि तुम्हीही वाचून पाहा. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापं घेऊन त्यांनी प्रमाण बांधून दिलं, त्यामुळे आई किंवा सासू शेजारी उभी नसलेल्या मुलीलाही स्वयंपाक जमू लागला. परगावी, परदेशी गेलेल्या कितीतरी संसारांत हे पुस्तक सामानाबरोबर गेलं. माझा निकष इथे उलटा लावावा लागतो. पाककृतीत वाचणाऱ्यासाठी मोकळी जागा ठेवली तर पदार्थ बिघडतो. अंदाजे, चवीपुरतं, बेताचं, असं म्हणून जुन्या जाणत्या बायका ज्ञान राखून ठेवत, तसं कमलाबाईंनी केलं नाही. शिकवणाऱ्या पुस्तकाने सगळं सांगावं आणि गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकाने काही राखावं, असं मला वाटतं. आपल्याकडे बहुतेकदा याच्या उलट घडतं. पाठ्यपुस्तकं मोघम असतात आणि कादंबऱ्या सगळं समजावून देत बसतात.

आत्मचरित्रांकडे येते. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्यातलं दारिद्र्य आणि अपमान यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्याहून थोर वाटते ती लेखकाने स्वतःला न दिलेली सवलत. मुंबईच्या कावाखान्यातलं जगणं तो जितक्या स्पष्टपणे सांगतो तितक्याच स्पष्टपणे बायको सईशी आपण कसे वागलो तेही सांगतो. समाजाने माझं असं केलं म्हणून मी असा झालो, एवढी ओळ लिहून त्याला सुटता आलं असतं. तो सुटत नाही. हाच माणूस कर्णाची गोष्ट सांगायला बसला असता तर ती कशी झाली असती, असं माझ्या मनात अनेकदा येतं.

आणि शेवटचं पुस्तक बेबी कांबळे यांचं, 'जिणं आमुचं'. फलटणला त्यांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. दुकानात बसल्या बसल्या त्यांनी हे लिहिलं आणि घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवलं. फलटणमध्येच राहणाऱ्या भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते उजेडात आलं, १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमाने छापलं गेलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. यात 'मी' फार थोडी आहे, 'आम्ही' आहे. महारवाड्याचा आषाढ, पोतराज, येसकराची पाळी, आठनऊ वर्षांच्या नव्या सुनेला रात्रीच उठवून भाकरी थापायला बसवणारी सासू, पळून गेलेल्या सुनेचं नाक कापायला निघालेलं घर. गावाने केलेला अन्याय त्या जितक्या तिखट शब्दांत सांगतात तितक्याच तिखट शब्दांत आपल्या माणसांनी आपल्या बायकांवर केलेलाही सांगतात. जेजुरीला बाबासाहेब आंबेडकरांचं भाषण झालं आणि त्यानंतर बायकांची बोलण्याची, उभं राहण्याची रीत कशी बदलली, त्याची पानं अंगावर येतात. पुढे शिकून मोठे झालेल्या आणि मागचं विसरलेल्यांनाही त्यांनी सोडलेलं नाही.

हे सगळं सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या संसाराबद्दल मात्र जवळजवळ मौन पाळलं आहे. नवऱ्याने केलेली मारहाण त्यांनी पुष्कळ वर्षांनी मुलाखतीत सांगितली, पुस्तकात ती नाही. इथे मला थांबावं लागतं. लेखकाने वाचकासाठी जागा राखावी असं मी आतापर्यंत म्हणत आले. पण इथली मोकळी जागा वाचकावर विश्वास म्हणून ठेवलेली नाही. वही सापडली तर काय होईल या भीतीने ती मोकळी राहिली असावी, असं मला वाटतं. तिचं कौतुक करणं मला जमणार नाही. सुनांच्या छळाची ती पानं पुन्हा वाचताना मात्र कळतं की दुसऱ्यांच्या नावावर सांगितलेलं दुःख इतकं अचूक का आहे. या पुस्तकासाठी मला वेगळा निकष शोधावा लागेल, आणि तो अजून माझ्या हाती लागलेला नाही. तुमच्यापैकी कोणी या पुस्तकाचा असा विचार केला असेल तर मला ते ऐकायचं आहे.

आता तुम्ही बोला. 'मृत्युंजय'च्या बाजूने बोलणारे इथे बरेच असतील, त्यांना आधी संधी द्यावी अशी अध्यक्षांना विनंती आहे. मी उल्लेख केलेली सगळी पुस्तकं ग्रंथपालांनी टेबलावर मांडून ठेवली आहेत. कृपया पान काढून, वाचून दाखवून बोला.